पेनड्राइव्हचा दिवा विझेपर्यंत

पेनड्राइव्ह भरायला लागणारी चार मिनिटं माणसाला सोसत नाहीत, हे मला भोरला दुकान टाकल्यावर कळलं. हाच माणूस स्टँडवर येष्टीसाठी दीड तास बसतो. लग्नात नवरदेवाचे मित्र नाचून दमेपर्यंत उन्हात उपाशी उभा राहतो. साहेब जेवायला गेलेत असं सांगितलं तर कचेरीची पायरी संध्याकाळपर्यंत सोडत नाही. पण माझ्या कॉम्प्युटरवरची हिरवी पट्टी अर्ध्यावर थबकली की त्याचा जीव खालीवर होतो. "हँग झालं काय ओ?" हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा ऐकायचो. हँग झालं नाही, लिहितोय, हे सांगून उपयोग नसायचा. घाईतल्या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माझं दुकान स्टँडच्या समोर. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि पेनड्राइव्ह भरून देणे. ट्रॅक्टरवर वाजवायची गाणी, बारशाचं शूटिंग, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग, असलं सगळं. लोक हे पेनड्राइव्ह कुठून पैदा करतात देव जाणे. पाकिटावर छापलेल्या मजकुरातला फक्त रंग खरा असतो. चौसष्ट जीबी म्हणून घेतलेल्यात आठ निघतात, आणि त्या आठांत काही भरायला जावं तर तो डबक्यातल्या म्हशीसारखा मध्येच बसतो. उठतच नाही.

पेनड्राइव्हचीही एक बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. त्याच्या आतल्या मेमरीत सुटं एखादं अक्षर बदलता येत नाही. त्या अक्षराभोवतीचा मोठा तुकडा आधी पुसायचा आणि मग सगळा नव्याने लिहायचा, असा त्याचा कारभार. अंगणात एका कोपऱ्यात पोपडा निघाला म्हणून आख्खं अंगण सारवायचं, तसं. बारीक बारीक हजार गोष्टी एकेक करून पाठवल्या तर तो हजार वेळा अंगण सारवत बसतो. ह्याला उपाय आहे. कॉम्प्युटर आणि पेनड्राइव्ह ह्यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम असतो, सगळी देवाणघेवाण त्याच्या हातून होते. त्याने आलेला माल लगेच पुढे ढकलायचा नाही. स्वतःपाशी मेमरीत साठवायचा, चांगला ढीग झाला की एकदम लिहून टाकायचा. ह्या साठवणीला कॅशे म्हणतात. इथपर्यंत सगळं सरळ आणि शहाणपणाचं आहे.

पुढची युक्ती मात्र लबाडीची. ड्रायव्हर माल आपल्याजवळ घेतो आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरला सांगून मोकळा होतो, "झालं." पेनड्राइव्हवर अजून एक अक्षरही उमटलेलं नसतं. पण हिरवी पट्टी सर्रकन शेवटाला जाते, खिडकी बंद होते, माणूस खूश. ड्रायव्हर मागे निवांत लिहीत बसतो. तेवढ्यात कोणी पेनड्राइव्ह उपटला नाही म्हणजे मिळवली.

ही लबाडी मी पुण्यातल्या, पेनड्राइव्ह बनवणाऱ्या एका कंपनीत अकरा वर्षं पगार घेऊन केली. आमचे साहेब भिंतीवर आलेख लावायचे. रेघ वर गेली की पेढे, खाली आली की मीटिंग. लिहिण्याचा वेग वाढवा, वेग वाढवा, एवढं एकच तुणतुणं. पेनड्राइव्हच्या आतली मेमरी होती तीच, स्वस्तातली स्वस्त. वाढत होता तो "झालं" म्हणण्याचा वेग. फायली गायब झाल्याच्या तक्रारी आल्या की आमचा शेरा ठरलेला असायचा: ग्राहकाची चूक. पाकिटाच्या मागे, मुंगीलाही चष्मा लागेल एवढ्या अक्षरांत, "सुरक्षितपणे काढा" असं आम्ही छापलं होतं ना! चहाच्या वेळी त्या तक्रारी वाचून आम्ही हसायचो, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. नोकरी सोडली ती ह्या पापाची टोचणी लागून सोडली, असं कोणाला वाटायला नको. माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागलं म्हणून भांडून सोडली.

गावी सारोळ्याला आलो, भोरला दुकान टाकलं आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात जित्याची खोड उफाळून आली. लग्नसराईची गर्दी, त्यात ते रडके पेनड्राइव्ह. मी आठवडाभर बसून दुकानातल्या कॉम्प्युटरसाठी माझा स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. पुण्यात लिहिलेल्यापेक्षा सरस. चार मिनिटांचं काम बारा सेकंदांत झालेलं दिसायला लागलं. दिसायला, बरं का. पेनड्राइव्ह मध्येच काढला तर कॉम्प्युटर एक पिवळी पाटी दाखवायचा, लिहिणं अपुरं राहिलं म्हणून. ती पाटी बघून गिऱ्हाईक बिथरायचं, "व्हायरस हाय का?" विचारायचं. म्हणून ती पाटीही मी बंद करून टाकली. लिहिणं चालू असेतो पेनड्राइव्हवरचा बारीक दिवा जळतो, म्हणून त्याऐवजी भिंतीवर एक कागद चिकटवला: दिवा विझेपर्यंत पेनड्राइव्ह काढू नये. तो कागद आजपर्यंत कोणी वाचलेला नाही. कागद वाचणारी माणसं असती तर माझं फॉर्म भरून द्यायचं दुकान चाललं असतं का?

खरा बंदोबस्त मी वेगळाच ठेवला होता. पट्टी संपली की पेनड्राइव्हवर हात ठेवायचा आणि गप्पा काढायच्या. कुठलं गाव? भोंगवलीचे का? यंदा कांदा कसा आहे? सासुरवाडी कुठली? तोवर मागे लिहून व्हायचं, दिवा विझायचा, मग पेनड्राइव्ह काढून हातात द्यायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, काम झटक्यात करतो आणि वर चौकशीही करतो, काय माणुसकी आहे! तीन महिन्यांत माझं नाव झालं. आणि मी ते मिरवलं.

भोर आणि वेल्ह्याच्या हद्दीवर, डोंगराच्या माथ्याजवळ धनगरांची एक वाडी आहे. कागदावर वेल्ह्याची, बाजारहाटाला भोरची. पाच-सात घरं, म्हशी, शेरडं, थोडी मेंढरं. तिथल्या एक मावशी कधी फॉर्मला, कधी झेरॉक्सला माझ्याकडे यायच्या. साठीच्या, काटक, बोलायला ऐसपैस. सहीपुरतं लिहायला शिकलेल्या. त्या बुधवारी दुपारी आल्या, तेव्हा मात्र बोलणं थोडं होतं. काउंटरवर एक सीडी आणि एक नवा पेनड्राइव्ह ठेवला.

त्यांच्या मालकांना चढावर छातीत कळ येत होती. हायवेवरच्या एका हॉस्पिटलात अँजिओग्राफी झाली, तीन ठिकाणी रक्त अडतंय असं निघालं. आता नळीतून रिंग घालून भागेल की छाती उघडून बायपास करावी लागेल, हे पुण्याचे एक मोठे डॉक्टर फिल्म बघून ठरवणार होते. तोवर म्हाताऱ्यांना चढ चढायला बंदी. वाडी चढावरच वसलेली, तिचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

हे मोठे डॉक्टर कात्रजच्या एका दवाखान्यात फक्त गुरुवारी बसायचे. हॉस्पिटलने फिल्म सीडीवर दिली, कारण त्यांच्याकडे सीड्यांचा गठ्ठा पडून होता. डॉक्टरांच्या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नव्हती. पेनड्राइव्हवर आणा, मोबाईलवर पाठवलेलं बघत नाही, असा त्यांच्या दवाखान्याचा निरोप. दोन्हीकडे भिंतभर पदव्या, आणि दोघांच्या मध्ये धावपळ करायला डोंगरावरची एक बाई.

"दादा, ह्या तबकडीतलं समदं ह्याच्यात घाला. उद्या डाक्टरास्नी दावायचंय," मावशी म्हणाल्या. "येष्टी लागलीया माझी."

सीडी घरघरत कॉम्प्युटरवर उतरायला बराच वेळ लागला. तिथे माझं काही चालत नव्हतं. मावशी दारात उभ्या, एक डोळा माझ्याकडे, एक स्टँडकडे. मग मी फिल्म पेनड्राइव्हवर टाकली. पट्टी सर्रकन गेली. बारा सेकंद.

"आं? झालं बी?" मावशी जवळ आल्या. "तबकडी मघाधरनं फिरतीया, आन हे लगीच?"

मला चेव आला. नुसतं "थांबा जरा" म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण माझी हुशारी कोणाला तरी कळायला हवी होती, आणि समोर ह्याच होत्या. मागे एकदा दूध डेरीचा फॉर्म भरताना त्यांनी त्यांच्याकडची रीत सांगितली होती. वाडीवर गाडी जात नाही. बाया पहाटे दुधाची किटली घेऊन खाली रस्त्यापर्यंत उतरतात, तिथल्या सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवतात आणि तशाच वर फिरतात. डेरीचा टेम्पो आपल्या वेळेला येतो आणि किटल्या उचलून नेतो. मला वाटलं, ह्यापेक्षा चांगलं उदाहरण कुठं मिळणार!

"मावशी, तुम्ही किटली कट्ट्यावर ठेवून निघून येता ना? टेम्पोची वाट बघत बसता का? तसंच केलंय मी. कॉम्प्युटरने किटली कट्ट्यावर ठेवली. टेम्पो नेईल सावकाश."

"मंग झालंच की," मावशी म्हणाल्या.

तेवढ्यात आंबवड्याचा एक गृहस्थ आपला फॉर्म माझ्या नाकासमोर धरून सही कुठं करायची म्हणून विचारायला लागला. ठळक अक्षरांत "अर्जदाराची सही" लिहिलेलं होतं, ते दाखवायला मी वळलो, दोन टोमणे मारले आणि परत फिरलो तर पेनड्राइव्हची जागा रिकामी. मावशी रस्ता ओलांडत होत्या. माझा ड्रायव्हर त्या क्षणी आतून ओरडला असणार, पण त्याचं तोंड मीच बांधलं होतं. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. येष्टी अजून हलली नव्हती. मी घड्याळाकडे बघितलं, मनाशी म्हटलं, झालं असेल लिहून, आणि पुढचा फॉर्म घेतला.

झालं नव्हतं. गुरुवारी म्हातारे दहा पावलांवर बसत बसत डोंगर उतरले, वेल्ह्याहून येष्टीने पुण्याला गेले, दवाखान्यात दुपारपर्यंत बाकावर बसले. नंबर आल्यावर तिथल्या पोरीने पेनड्राइव्ह लावला. फायलींची नावं दिसत होती, आत काही नव्हतं. नावं आधी लिहिली जातात आणि ऐवज मागून, हेही माझंच कर्तृत्व. "पुढच्या गुरुवारी या," असं सांगून तिने पुढच्या पेशंटला हाक मारली. म्हातारे परत तोच डोंगर चढले.

शुक्रवारी सकाळी मी शटर वर करतोय तोच मावशी हजर. काय झालं ते त्यांनी सांगितलं आणि मी, लाज वाटते सांगायला, त्यांच्यावरच खेकसलो. अकरा वर्षांची सवय होती ती.

"दिवा लागलेला असताना उपटायचा नसतो मावशी! भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय ना!"

"मला कुठं वाचाया येतंय? आन दिवा म्या बघितला की. लागलाय म्हंजी बरं चाललंय, असं वाटलं."

"पण मी बोललो होतो ना तुम्हाला? टेम्पो अजून यायचा होता! किटली कट्ट्यावरच होती!"

"व्हय, बोलला की." त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला काही कळत नाही ह्याचं नवल होतं. "कट्ट्यावर ठिवली म्हंजी ती टेम्पोवाल्याची झाली. आमचा काय संमंध तिच्याशी?"

"आणि टेम्पो आलाच नाही तर?"

"त्येचं त्यो बघंल. नासलं तर त्येचं नासलं, कुत्र्यानं सांडलं तर त्येचं सांडलं. आमाला त्यो भरून देतो. माझ्या सासूच्या येळंपास्नं असंच हाय. न्हाई तर रस्त्यावर दूध ठिवून कोण जाईल, दादा?"

आता कुठं मला कळलं. माझ्या लेखी कट्टा म्हणजे दूध अजून पोचलं नाही ती जागा. त्यांच्या लेखी कट्ट्यावर किटली टेकली की पोचलं. पुढचं सगळं ज्याने पत्करलं त्याच्या माथ्यावर. म्हणजे मी त्यांना "थांबा" सांगतोय असं समजत होतो, आणि त्यांच्या भाषेत चक्क "न्या, काळजी माझी" म्हणालो होतो. त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून पेनड्राइव्ह उचलला. "झालं" म्हणायचं असेल तर नासलेलं भरून द्यायचीही तयारी ठेवायची, एवढं साधं त्या वाडीवर कधीचं ठरून गेलेलं. आम्ही इंजिनिअर म्हणवणारे "झालं" तेवढं म्हणायला शिकलो होतो, आणि नासलं की ग्राहकाची चूक.

"पुढच्या गुरुवारी मी येतो तुमच्याबरोबर," मी म्हणालो. "फिल्म माझ्या लॅपटॉपवर घेऊन. भरून देतो मावशी."

"या," मावशी म्हणाल्या. "मालकास्नी बी धीर यील."

मी दवाखान्यात फोन करून बघितला. डॉक्टर परगावी, गुरुवारशिवाय नाही. त्याच दुपारी तो ड्रायव्हर कॉम्प्युटरवरून काढून टाकला. गिऱ्हाइकं परत "हँग झालं काय" विचारायला लागली. विचारू दे म्हटलं. पण तो आठवडा फार वाईट गेला. वाडीवर मोबाईलला रेंज नाही, ती खालच्या खिंडीत येते; तिथं कोणी आलं तर निरोप मिळायचा. सोमवारी कळलं, म्हाताऱ्यांना बसल्या जागी कळ आली, जिभेखाली गोळी ठेवून दोन तास पडून होते. मला भीती वाटली. म्हाताऱ्यांचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्या हातून, ह्यात मला काडीची शंका नव्हती. चार घास कसेबसे गिळायचो आणि खिंडीत कोणी उचलेल म्हणून परत वाडीवरच्यांचा नंबर लावायचो.

गुरुवारी आम्ही तिघं डॉक्टरांपुढे बसलो. डॉक्टर माझ्याच वयाचे, महागडं घड्याळ, समोर दोन स्क्रीन. त्यांनी कागद चाळले आणि भडकले.

"गेल्या गुरुवारची तारीख होती ना? आठ दिवस! अशा पेशंटला कोणी आठ दिवस घरी ठेवतं? तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं? एक साधा पेनड्राइव्ह नीट आणता येत नाही?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही कोण? मुलगा?"

"नाही," मी म्हणालो. "ओळखीचा."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. त्या वाट बघत होत्या, हे मला स्वच्छ कळत होतं. सगळे शब्द माझ्या तोंडाशी होते. कॅशे म्हटलं असतं तरी डॉक्टरांना कळलं असतं, कदाचित इंग्रजीत दोन प्रश्नही विचारले असते. आणि तेच मला नको होतं. माझ्याइतका शिकलेला, माझ्याच वयाचा माणूस मला मूर्ख म्हणेल, ह्याची मला त्या खोलीत म्हाताऱ्यांच्या छातीपेक्षा जास्त धास्ती वाटली. मी लॅपटॉप उघडला आणि म्हणालो, "फिल्म तयार आहे, डॉक्टर."

मावशींनी नजर खाली घेतली. "चुकलं सायेब," त्या म्हणाल्या. "माज्याकडनं झालं."

"ह्यापुढे लक्ष ठेवा," डॉक्टर म्हणाले, आणि फिल्म बघायला लागले. दोन मिनिटं बघितली. बायपासच लागणार होती, आणि लगेच. म्हाताऱ्यांना त्याच दिवशी दाखल करून घेतलं.

ऑपरेशन चांगलं झालं. तीन महिने ते वेल्ह्यात लेकीकडे राहिले, मग वर वाडीवर गेले. आता घराजवळच शेरडं राखतात, चालतात, बोलतात. लोक मला म्हणतात, तुम्ही स्वतः पुण्याला गेलात, केवढं केलंत त्यांच्यासाठी! मावशींनी खरी हकीगत कोणाला सांगितलेली नाही. मीही नाही.

दर काही महिन्यांनी मालकांच्या तपासणीची सीडी घेऊन मावशी भोरला येतात. माझ्या दुकानावरून जाताना "बरं हाय का, दादा?" विचारतात, हसतातही. आणि रस्त्यापलीकडच्या, स्टँडलगतच्या दुकानात जातात. तिथला कॉम्प्युटर जुना आहे, एका सीडीतलं पेनड्राइव्हवर भरायला पाऊण तास घेतो. त्या बाहेरच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहतात, येष्टी सुटून जाते तरी उठत नाहीत. "मावशी, इकडं या, मी देतो करून," एवढं म्हणायला मला फक्त रस्ता ओलांडावा लागेल. अजून ओलांडलेला नाही.